पावसाच्या सुट्टीचा निरोप

शाळेच्या वर्षभराच्या सुट्ट्यांची यादी जूनमध्येच कचेरीबाहेरच्या फळ्यावर लागते. दिवाळीचे दिवस किती, गणपतीचे किती, नाताळला शाळा बंद राहावयाची किंवा नाही, हे सर्व त्या यादीत मुख्याध्यापकांच्या सहीनिशी नमूद असते, आणि एकंदर सुट्ट्या ७६ च्या वर जाऊ नयेत या दंडकाची आठवण हेडक्लार्कला कोणी करून द्यावी लागत नाही. या यादीत जिला कधीच जागा मिळाली नाही, जिची तारीख पंचांगकर्त्यासही सांगता येत नाही, आणि तरीही कोकणात व मुंबईत जी प्रतिवर्षी एकदा तरी हटकून येते, अशी एकच सुट्टी आहे आणि ती म्हणजे पावसाची. इतर सुट्ट्यांची वार्ता पालकांपर्यंत पोहोचविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. या सुट्टीच्या बाबतीत मात्र सुट्टी देण्याहून ती कळविण्याचे काम बिकट असते. हा निरोप आजवर कोणी धाडला, कोणत्या वाटेने धाडला आणि तो घरी पोहोचेपर्यंत किती भिजला, याचा मागोवा घेऊ लागले म्हणजे केवळ शाळेचाच नव्हे, तर आपल्या राज्यकारभाराचाही एक लहानसा इतिहास हाती लागतो.

पर्जन्यामुळे अध्ययन बंद ठेवण्याची चाल इंग्रजी शाळांबरोबर आली असे कोणास वाटत असल्यास ते खरे नव्हे. धर्मशास्त्रात अनध्यायाचे प्रकरण पुष्कळ विस्ताराने आलेले आहे, आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात तर आकाशाच्या लहरींची जणू जंत्रीच दिलेली आहे. रात्री कानाला ऐकू येईल असा वारा सुटला, दिवसा धुळीचे लोट उठले, तर पावसाळ्यात वेदाध्ययन थांबवावे; विजा, मेघगर्जना आणि वृष्टी ही एकत्र आली किंवा उल्कापात झाला, तर आकालिक अनध्याय पाळावा, म्हणजे दुसऱ्या दिवशी तीच वेळ येईपर्यंत पाठ बंद ठेवावा. ज्यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला, त्या महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या अनध्यायांचा सविस्तर परामर्श घेतला आहे. मौज अशी की याविषयी मतभेदही तितकाच जुना आहे. शतपथ ब्राह्मणात नित्याच्या स्वाध्यायाला यज्ञ मानून असे म्हटले आहे की वारा वाहणे, वीज चमकणे, मेघ गडगडणे हे त्या यज्ञाचे वषट्कार, म्हणजे आहुती देतानाचे उद्गार होत, तेव्हा अशा वेळी तर अध्ययन अवश्य करावे. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की त्या व्यवस्थेत निरोप पाठविण्याची गरजच नव्हती. गुरू आणि शिष्य एकाच छपराखाली राहत. वीज दोघांनाही दिसे आणि गर्जना दोघांनाही ऐकू येई. सुट्टीचा निर्णय ज्याने घ्यावयाचा आणि ज्याने पाळावयाचा, त्यांच्यामध्ये अंगणापलीकडचे अंतर नसे.

पंतोजीच्या शाळेतही हे अंतर फारसे वाढले नाही. गावातल्या एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर किंवा देवळाच्या सभामंडपात धूळपाटी घेऊन बसलेली दहा-वीस पोरे हाकेच्या टप्प्यातली असत, आणि आभाळ फारच अंधारून आले तर पंतोजी त्यांना घालवून देई. त्यासाठी त्याला कोणाची मंजुरी लागत नसे, कारण त्याचे शिधे-पैसे त्या त्या घरूनच येत. वुडच्या १८५४ च्या खलित्यानंतर, १८५५ साली, मुंबई इलाख्यात विद्याखाते स्थापन झाले आणि शाळेला हजेरीपट, शेरेबुक, सुट्ट्यांचे नियम व त्या सर्वांवर देखरेख ठेवणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, म्हणजे लोकांच्या तोंडचा दिपोटी, ही सर्व आली. शाळा उघडी ठेवणे वा बंद ठेवणे ही बाब आता सरकारदरबारी नोंदवावयाची झाली. पुढे अनुदानाची सांगड परीक्षेच्या निकालाशी आणि हजेरीशी घातली गेल्यावर शाळा बंद ठेवणे म्हणजे स्वतःचीच खोट करून घेणे होय, हेही मास्तरांच्या ध्यानात आले. तरी पावसाच्या बाबतीत अखेरचा शब्द बराच काळ मास्तरांचाच राहिला, कारण दिपोटीचे ठाणे दूर, मामलेदार कचेरी त्याहून दूर आणि मधली नदी दोथडी भरून वाहत असे.

कोकणातील शाळेत हा शब्द कसा चालत आला ते जवळून पाहण्याजोगे आहे. तेथे गाव म्हणजे एक वस्ती नव्हे. डोंगराच्या कुशीत आणि वहाळांच्या काठाकाठाने पसरलेल्या पाच-सात वाड्या मिळून गाव होतो, आणि शाळा त्यांपैकी एका वाडीत असते. सकाळी इरली आणि घोंगड्यांच्या खोळी सांभाळीत मुले येत, इरली पडवीत उभी करून ठेवीत, आणि मास्तर एक डोळा बाराखडीवर व दुसरा पऱ्याच्या पाण्यावर ठेवून शिकवीत. पाणी साकवाच्या अमुक दगडाला लागले की पलीकडच्या वाडीची मुले आधी सोडावयाची, सड्यावरची नंतर, आणि शाळेच्या वाडीतली शेवटी, असा क्रम कोणत्याही परिपत्रकाने घालून दिलेला नव्हता. तो त्या पाण्यानेच घालून दिला होता. प्रत्येक वाडीच्या मुलांबरोबर एखादा चौथीतला थोराड मुलगा म्होरक्या म्हणून दिला जाई आणि धाकट्यांचे हात धरून साकव ओलांडून देण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. आई-बाप त्या वेळी लावणीत असत. पोर भिजून दारात उभे राहिले की शाळा सुटली हे त्यांना कळे. निरोप आणि निरोप्या ही दोन्ही एकाच देहाने घरी येत. या पद्धतीत घरी निरोप उशिरा पोहोचण्याचा संभव नव्हता. पोहोचलाच नाही, तर मात्र घात झालेला असे.

आता हवामानशास्त्राच्या बाजूने काय घडत होते ते पाहू. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, आणि तेथे चुंबकीय व हवामानविषयक वेध नियमाने घेण्याचे काम १८४१ च्या सुमारास सुरू झाले. या वेधशाळेत उमेदीच्या काळात काम केलेल्यांपैकी एक केरो लक्ष्मण छत्रे होत. वेध घेणारे केरूनाना पुढे नामांकित अध्यापक झाले, आणि वेधशाळा व पाठशाळा यांचा आपल्याकडे झालेला हा बहुधा पहिलाच संबंध. १८६४ च्या कलकत्त्याच्या प्रलयंकर चक्रीवादळाने आणि त्यामागून आलेल्या दुष्काळांनी सरकारचे डोळे उघडले, आणि १८७५ मध्ये हिंदुस्थानच्या हवामान खात्याची स्थापना झाली. परंतु या खात्याचा पहिला श्रोता शाळा नव्हती; शेतकरीही नव्हता; तो होता जहाजाचा कप्तान. बंदरांवर वादळाच्या सूचना देणारी चिन्हे चढविण्याची एकसारखी पद्धत १८९८ पासून सर्व बंदरांना लागू झाली. दिवसा शंकू आणि नळकांड्यांच्या आकृती, रात्री लाल-पांढरे दिवे, आणि त्यांना १ पासून ११ पर्यंत क्रमांक. कोळीवाड्यात याला बावटा म्हणतात, आणि तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे होडी लोटावयाची नाही हे तेथील निरक्षर म्हाताऱ्यालाही पाठ असते. याचा अर्थ असा की ज्या काळी मुंबईतील कोळ्याच्या पोराला समुद्र बंद असल्याची खूण धक्क्यावरून दिसत होती, त्या काळी त्याच पोराला शाळा बंद असल्याची खूण कोठेच दिसत नव्हती. पुढे १९२८ साली खात्याचे मुख्य ठाणे सिमल्याहून पुण्यास आले. पुणेकर त्या इमारतीला आजतागायत सिमला ऑफिसच म्हणतात आणि तिच्या अंदाजांवर मनसोक्त थट्टा करतात. थट्टा होण्याजोगेच ते अंदाज होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण एवढे खरे की अमुक शाळेच्या अंगणात उद्या सकाळी सात वाजता पाणी साचेल काय, या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ते निर्माणच झालेले नव्हते.

या काळात शहरातील शाळा कशी सुटत असे? सूचनावहीने. मुख्याध्यापकांच्या खोलीतून शिपाई ती लांबट, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही घेऊन निघे. तो वर्गाच्या दारात उभा राहताच, वहीत काय लिहिले आहे हे कळण्याआधीच, मागच्या बाकांवर दप्तरे आवरली जात. मास्तर सूचना वाचून दाखवीत, समासात आद्याक्षरे करीत, आणि वही पुढच्या वर्गाकडे जाई. इंग्रजी शाळांतील मुले हिला ‘रेनी डे’ म्हणत, मराठी शाळांतील मुले नुसतेच ‘शाळा सोडली’ म्हणत. ‘सोडली’ या क्रियापदाचा काळ येथे लक्षात घेण्यासारखा आहे. सुट्टी होत असे ती पाऊस आल्यावर, मुले शाळेत पोहोचल्यावर, आणि बहुधा हिंदमाता, शीव, कुर्ला येथे पाणी भरून लोकलगाड्या अडखळू लागल्यावर. पालकांना आगाऊ कळविण्याचे साधनच नव्हते असे नाही. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ च्या जुलैमध्ये सुरू झाले होते. दूरध्वनीचे एक्स्चेंज तर १८८२ पासूनचे. पण दूरध्वनी म्हणजे गिरगावातल्या चाळीतील भाडेकरूच्या घरची वस्तू नव्हे. यंत्रासाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो जमाना. शाळेच्या दाखल रजिस्टरात पालकाच्या नावापुढे क्रमांक असलाच, तर त्याच्या अलीकडे ‘पी. पी.’ ही दोन अक्षरे असत, म्हणजे यंत्र शेजाऱ्याचे, नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याचे, आणि निरोप त्याच्या मर्जीवर. चाळीस मुलांच्या वर्गातील दहा घरांना असा निरोप जाई. त्या दहा घरांनी खिडकीतून वा जिन्यातून तो उरलेल्या तिसांना ओरडून सांगावयाचा. ही व्यवस्था गलथान होती हे कबूल, पण चाळीच्या गॅलरीतून हाळी देणाऱ्या बाईला कोणत्या घरचे पोर कोणत्या शाळेत जाते हे ठाऊक असे, आणि तिने दिलेली बातमी खोटी निघण्याचा संभव फार थोडा.

मोठा पाऊस मुंबईला नवा नव्हता. १९७४ च्या ५ जुलैला कुलाब्याला एका दिवसात ५७५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. तरीही निरोपाचे हे जुने यंत्र मोडून पडले ते २६ जुलै २००५ रोजी. त्या दिवसाची आकडेवारी अनेकदा सांगून झाली आहे. परंतु आमच्या विषयासंबंधी तीतील दोनच आकडे पुरेसे आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला नोंदला गेला अवघा ७३ मिलिमीटर. एकाच शहराच्या दोन टोकांना इतकी तफावत! सरकारच्या आणि महापालिकेच्या मुख्य कचेऱ्या दक्षिण टोकाला. तेथील खिडकीतून दिसणारे आकाश हे आषाढातील नित्याचे आकाश होते, आणि साकीनाका, कलिना, कुर्ला येथे मात्र दुपारी दोन-अडीचनंतर आभाळच कोसळत होते. सकाळच्या शाळा सुटून गेल्या होत्या, दुपारच्या भरल्या होत्या, समुद्राला मोठी भरती होती, मिठी नदी आपले पात्र सोडून रस्त्यांवर आली होती. ज्या शाळांनी मुले नित्याच्या वेळी सोडली त्यांची मुले बसगाड्यांत अडकली. ज्यांनी ठेवून घेतली त्यांची मुले वर्गात रात्रभर बाकांवर झोपली, आणि शेजारच्या इमारतींतील अनोळखी बायांनी त्यांना चहा-पाव आणून दिला. उपनगरांतील वीज गेली, दूरध्वनी मुके झाले, आणि नुकतेच घरोघर पोहोचलेले मोबाईलही निकामी ठरले. चालू राहिला तो सेलवरचा रेडिओ. कोणत्या भागात मुले सुखरूप आहेत, कोणत्या शाळेत थांबली आहेत, हे कित्येक आयांना त्या रात्री एफ.एम.च्या निवेदकांकडून कळले. ज्या नभोवाणीचा शाळांनी पाऊणशे वर्षांत या कामी नियमित उपयोग करून घेतला नव्हता, ती ऐन वेळी कोणी न सांगता उपयोगी पडली.

त्या प्रलयानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली, अग्निशमन केंद्रांच्या छपरांवर स्वयंचलित पर्जन्यमापक बसले, कुलाब्याला डॉप्लर रडार आले, आणि २०२२ च्या जानेवारीत दुसरे वेरावलीला. परंतु शाळेच्या सुट्टीच्या दृष्टीने याहून अधिक परिणाम झाला तो एका कायद्याचा. त्सुनामीच्या धक्क्याने जो विचार सुरू झाला होता त्याची परिणती होऊन २००५ च्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा संमत झाला, आणि जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. आजवर जो निर्णय मास्तर पऱ्याच्या पाण्याकडे पाहून घेत होते, तो आता जिल्ह्याच्या ठिकाणी हवामान खात्याच्या रंगांकडे पाहून घेतला जाऊ लागला: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर पाऊस संभवतो असे खात्याला वाटले की लाल रंग येतो, आणि लाल रंग आला की जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर सुट्टीच्या आदेशाचा मसुदा येतो. त्या आदेशाची भाषा आता इतकी ठरून गेली आहे की अंगणवाडीपासून महाविद्यालयापर्यंत सर्व माध्यमांच्या सर्व शाळा तीत क्रमाने येतात, आणि अखेरीस बहुधा एक कलम असते की शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी मात्र मुख्यालयी हजर राहावे. मुलांच्या जिवाला जो पाऊस धोक्याचा, त्याच पावसात गुरुजींनी खाडी ओलांडून रिकाम्या शाळेत येऊन मस्टरवर सही करावी, यातील तर्क आम्हांस आजवर उमगलेला नाही.

निर्णय असा वर चढत गेला, तसा निरोपाचा प्रवास लांबत गेला. विद्यार्थ्यापासून हातभर अंतरावर असलेला निर्णयकर्ता आता तीस-चाळीस कोसांवर बसला. तेथून आदेश शिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तेथून केंद्रप्रमुखांकडे, तेथून मुख्याध्यापकांकडे आणि तेथून वर्गशिक्षकांकडे यावयाचा. ही साखळी कागदावर हलली असती तर आदेश पोहोचेपर्यंत ऊन पडले असते. ती हलली मोबाईलमुळे, प्रथम एसएमएसने आणि पुढे व्हॉट्सअॅपने. वर्गशिक्षिकेच्या मोबाईलवर पालकांचा गट असतो, आणि पावसाळ्यातील कोणत्याही दमट संध्याकाळी त्या गटावर ‘उद्या शाळा आहे का?’ हा प्रश्न प्रथम एक पालक विचारतो, मग पाच विचारतात, मग कोणीतरी हात जोडलेले चित्र टाकतो, आणि बाई बिचाऱ्या वरून काही येण्याची वाट पाहत स्वयंपाकघर आणि मोबाईल यांच्यामध्ये येरझाऱ्या घालतात. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबई पुन्हा पाण्यात गेली तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सुट्टीची घोषणा तत्कालीन शिक्षणमंत्री विनोद तावडे यांनी ट्विटरवरून केली. म्हणजे मधली सारी साखळी डावलून मंत्र्याचा निरोप थेट पालकाच्या हातात पडला. २ जुलै २०१९ ची सार्वजनिक सुट्टीही अशीच रात्री उशिरा जाहीर झाली, आणि जे लवकर निजतात त्यांना ती सकाळी दूधवाल्याकडून कळली असल्यास नवल नाही.

साधन जलद झाले की त्यावरून खोटा निरोपही तितक्याच जलद धावतो. गेल्या वर्षीचा आदेश, त्यावरील तारीख खरडून नवी घातलेली, शिक्का तोच, सही तीच: असे कागद दरवर्षी फिरतात आणि जिल्हाधिकाऱ्यांना त्यांचे खंडन करावे लागते. वादळाविषयीच्या खोट्या बातमीचे आयुष्य किती दीर्घ असू शकते याचा एक नमुना येथे सांगण्याचा मोह आवरत नाही. १८८२ च्या जूनमध्ये मुंबईत महाभयंकर चक्रीवादळ होऊन लाख माणसे मेली, ही कथा कित्येक याद्यांतून आणि ग्रंथांतून वर्षानुवर्षे छापली गेली. परंतु तत्कालीन नोंदींत त्या वादळाचा मागमूस नाही. जे वादळ झालेच नाही ते ज्या शहराच्या इतिहासात शिरू शकते, तेथे न दिलेली सुट्टी पालकांच्या गटात शिरली तर आश्चर्य कसले? २०२४ च्या जुलैने तर या प्रकरणाचा कळसच दाखविला. ८ जुलैच्या रात्री एक ते सकाळी सातपर्यंत शहरात काही ठिकाणी ३०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, आणि सकाळच्या सत्राची सुट्टी मुले गणवेश चढवीत असताना जाहीर झाली. त्याने शहाणे होऊन ९ जुलैला लाल इशाऱ्यावर आगाऊ सुट्टी दिली, तर त्या दिवशी पावसाने तोंड फारसे दाखविले नाही. याच महिन्याच्या अखेरीस, अफवांना कंटाळून, उद्या शाळा नियमितपणे भरतील असे महापालिकेला मुद्दाम जाहीर करावे लागले. शाळा बंद असल्याचे कळविण्यापासून निघालेला हा व्यवहार शाळा चालू असल्याचे कळविण्यापर्यंत येऊन ठेपला.

तरीही वेळेचा घोळ सुटला नाही. १८ ऑगस्ट २०२५ च्या सोमवारी जी सुट्टी जाहीर झाली ती दुपारी बारानंतरच्या सत्रापुरती होती, कारण सकाळच्या सत्राची मुले तोवर शाळेत जाऊन बसली होती. आणि त्याच दिवशी माटुंग्यास पाण्यात अडकलेल्या शाळेच्या बसमधून मुलांना पोलिसांनी उचलून बाहेर काढल्याची छायाचित्रे वृत्तपत्रांत आली. दुसऱ्या दिवशीची सुट्टी मात्र आदल्या दिवशीच जाहीर झाली, आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार ऐकू आली नाही.

दोन व्यवस्था येथे तुलनेसाठी नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. एक हाँगकाँगची. तेही मुंबईसारखे बंदर, तेथेही वादळाचे क्रमांक जहाजांसाठीच निघाले. परंतु तेथील राज्यकर्त्यांनी पुढे ते क्रमांक शाळांना जोडून दिले. तीन क्रमांक लागला की बालवाड्या बंद, आठ लागला की सर्व शाळा बंद. १९९२ च्या ८ मे रोजी सकाळच्या वेळी अतिवृष्टी होऊन मुलांचे हाल झाले, तेव्हा त्यांनी केवळ पावसासाठीही रंगांची निराळी पद्धत त्याच वर्षी सुरू केली. तेथे निरोप धाडावा लागत नाही; क्रमांक किंवा रंग जाहीर झाला की नियम काय तो प्रत्येक आईला आधीच ठाऊक असतो, आमच्या कोळ्याला तीन नंबरचा बावटा ठाऊक असतो तसा. आमच्याकडे लाल इशारा लागला तरी सुट्टी होतेच असे नाही आणि नारिंगीवर होतच नाही असेही नाही. प्रत्येक वेळी नवा हुकूम निघावा लागतो. दुसरी व्यवस्था आमच्याच घरची. महाबळेश्वर, जावळी, पाटण या तालुक्यांच्या डोंगरी पट्ट्यात, जेथे पाऊस महिनोन् महिने हटत नाही, तेथील काही शाळांना उन्हाळ्याऐवजी ऐन पावसाळ्यात दीर्घ सुट्टी देण्याची रीत आहे. तेथे आकाशाशी रोजची घासाघीस नाही; त्याला त्याचा हंगाम एकदाच देऊन टाकला आहे. हा शहाणपणा कोणा परकीय तज्ज्ञाचा नव्हे, आणि कोकणातील अतिवृष्टीच्या टापूंसाठी त्याचा विचार का होऊ नये, हे आम्हांस कळत नाही. शिक्षणहक्काच्या कायद्याने प्राथमिक वर्गांना २०० आणि उच्च प्राथमिक वर्गांना २२० दिवसांचे काम बंधनकारक केले आहे; ते दिवस मे महिन्यात मोजले काय किंवा जुलैत मोजले काय, कायद्याला त्याचे सोयरसुतक नाही.

मुंबईला अर्थातच दोन महिने शाळा बंद ठेवता येणार नाहीत, आणि हाँगकाँगचा नियम जसाच्या तसा उचलावा असेही आमचे म्हणणे नाही, कारण सांताक्रूझ आणि कुलाबा यांचे आभाळ एक नसते हे आपण पाहिले आहे. आमचे मागणे फार लहान आहे. निर्णय जिल्ह्याच्या ठिकाणी व्हावयाचा असेल तर तो रोज एका ठरलेल्या वेळी व्हावा. लाल किंवा नारिंगी इशारा असेल त्या दिवशी रात्री आठ वाजता उद्याची शाळा आहे किंवा नाही हे आकाशवाणीवरून आणि महापालिकेच्या व जिल्ह्याच्या अधिकृत खात्यांवरून सांगितले जावे, आणि आठनंतर आलेला कोणताही कागद खोटा समजावा. आठनंतर आभाळ फिरलेच, तर त्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना मुले न बोलावण्याचा आणि आलेली मुले ठेवून घेण्याचा जुना अधिकार असावा, व त्याबद्दल त्यांना मागाहून खुलासा विचारला जाऊ नये. येत्या जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी मुंबई महापालिकेने आणि कोकण विभागातील सातही जिल्हाधिकाऱ्यांनी एवढी वेळ मुक्रर करून ती विद्यार्थ्यांच्या डायरीत सुट्ट्यांच्या यादीखाली छापवून घ्यावी, अशी त्यांस आमची विनंती आहे.